मदत संस्थेच्या तक्रारीच्या फोनवर बसताना: पहिल्या तयारीपासून शेवटच्या उत्तरापर्यंत

शिरोळ तालुक्यातून एका आजींचा फोन येतो. "माजं नाव यादीत हाय गं बाई, पण माजं किट दुसऱ्यानंच उचललं." ऑपरेटर फॉर्मवर लिहिते, "किट मिळाले नाही." प्रकार: मदतीची मागणी. दोन दिवसांत आजींच्या घरी दुसरं किट पोचतं आणि टोकन, म्हणजे त्या फोनची क्रमांक दिलेली नोंद, बंद होतं. ज्यानं आजींच्या नावापुढं भलत्याच माणसाचा अंगठा घेऊन किट उचललं, तो पुढच्या वाटपालाही त्याच टेबलावर बसलेला असतो. आजींनी सांगितलेली गोष्ट फॉर्मवर आलीच नाही.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर कोल्हापूर-सांगली भागातल्या अशा फोनवर मी बसले. जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूण-महाडच्या कॉलसाठी नव्या मुलामुलींना शिकवलं. दोन्हीकडे चुका त्याच दिसल्या: लोकांचं बोलणं आपल्या शब्दांत कोंबणं, भलत्या माणसाकडं पाठवणं आणि पुढं पाठवलं की काम झालं असं धरणं. त्यामुळं हा लेख फक्त कामाच्या क्रमाबद्दल आहे.

आधी एक गोष्ट पक्की करू. आपण तपास करत नाही, निवाडा देत नाही, किटही मंजूर करत नाही. आपण ऐकतो, जसंच्या तसं लिहितो, योग्य माणसाकडं देतो आणि त्याचं उत्तर फोन करणाऱ्यापर्यंत परत नेतो. यातलं शेवटचं काम सगळ्यात जास्त राहून जातं.

१. फोन सुरू करण्याआधी: चार कागद आणि एक खोली

पहिला कागद वाटपाचा. कोणती गावं, कोणत्या तारखा, वाटप कुठं (शाळा, समाजमंदिर, ग्रामपंचायत), किटमध्ये काय आणि किती, घरटी किती किटं, यादी कुणी केली, निकष काय. किटमध्ये तूरडाळ २ किलो असेल तर कागदावर २ किलोच हवी. एखाद्या गाडीत डाळ कमी पडून १ किलो गेली असेल, तर ते तुम्हाला त्याच दिवशी कळलं पाहिजे. नाहीतर खरं बोलणाऱ्या बाईला तुम्ही खोटं ठरवाल.

या कागदावर 'कुटुंब' म्हणजे काय हे स्पष्ट लिहून घ्या. आमच्याकडं सर्वांत जास्त फोन याच शब्दावरून आले. एका घरात दोन भाऊ, चुली दोन, रेशन कार्ड मात्र एकच आणि तेही वडिलांच्या नावावर. किट एक आलं, थोरल्यानं ठेवून घेतलं. धाकट्याची बायको फोन करते. संस्थेनं चूल धरली की कार्ड, हे तुम्हाला माहीत नसेल तर तुम्ही सकाळी एक उत्तर द्याल आणि दुपारच्या पाळीतला ऑपरेटर दुसरं देईल. विधवा, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या, भाड्यानं राहणारे, ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर आलेले बाहेरगावचे लोक, यांचं काय, तेही समन्वयकाला विचारून लिहून ठेवा.

दुसरा कागद आपल्याकडं नसलेल्या कामांचा. पंचनामा झाला नाही, सानुग्रह अनुदान आलं नाही, पीकविमा, घरकुल, असे फोन येणारच. पंचनामा तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक करतात आणि सरकारी अनुदानाचं काम तहसील कार्यालयाकडं असतं. "ते आमच्याकडं नाही" म्हणून फोन ठेवला, तर तो माणूस पुन्हा कधी फोन करणार नाही, अगदी आपल्या कामाचं असलं तरी. कुठं जायचं, कोणाला भेटायचं, सोबत कोणते कागद न्यायचे, एवढं सांगता आलं पाहिजे.

तिसरा कागद नंबरांचा: तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिका १०८, मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, मानसिक आधारासाठी टेलिमानस १४४१६. दुसऱ्या जिल्ह्यातून १०७७ लावताना आधी त्या जिल्ह्याचा एसटीडी कोड लागतो. चिपळूणच्या माणसाशी तुम्ही कोल्हापुरात बसून बोलत असाल तर हे विसरू नका. शिवाय तहसील कार्यालय, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, पोलीस ठाणे यांचे स्थानिक नंबर. पुरानंतर लँडलाइन बंद असतात, म्हणून हे स्थानिक नंबर एकदा स्वतः लावून बघा.

चौथा कागद संवेदनशील तक्रार (लैंगिक शोषण, छळ, मुलांशी गैरवर्तन) कुणाकडं द्यायची याचा. त्यावर दोन नावं हवीत, एक नको. तक्रार त्यातल्याच एकाबद्दल असली तर ती दुसऱ्याकडं जाईल. हा कागद भिंतीवर लावायचा नाही.

खोलीला दार हवं. वाटपाचा गोडाऊन, स्वयंसेवकांची जेवणाची जागा आणि फोनचं टेबल एकत्र असेल, तर कामाला सुरुवातच करू नका, आधी जागा बदलून मागा. हेडफोन, कुलूप लागणारं कपाट, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं, पॉवर बँक, छापील फॉर्मचा गठ्ठा. वीज आणि नेट दोन्ही गेलं तरी कागदावर नोंद झाली पाहिजे.

तपासणी: संस्थेच्या आचारसंहितेवर तुमची सही झाली का? ती नुसती सहीपुरती नाही. आपल्याच माणसाबद्दल गंभीर संशय आला तर तो कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, हे त्यात असतं. वाचून सही करा.

२. नंबर लोकांच्या हातात पोचवणं

हे ऑपरेटरचं काम नाही असं वाटतं, पण नंबर पोचला नसेल तर त्याचा पहिला पत्ता फोनवर बसलेल्यालाच लागतो. कॉल येतात ते सगळे पुरुषांचे, सगळे दोन-तीन मोठ्या गावांतून.

नेहमीची चूक म्हणजे नंबर सरपंचाला आणि पोलीस पाटलाला देऊन मोकळं होणं. ज्यांच्याबद्दल तक्रार असू शकते त्यांच्याचकडं नंबर ठेवल्यासारखं ते होतं. दुसरी चूक म्हणजे निवारा शाळेत आहे तोवर शाळेच्या भिंतीवर पोस्टर लावायचं आणि लोक घरी परतले तरी ते तिथंच राहू द्यायचं. नंबर किटच्या पिशवीवरच छापा. त्याखाली मोठ्या अक्षरात तीन वाक्यं: ही मदत मोफत आहे. यासाठी कुणी पैसे किंवा आणखी काही मागितलं तर फोन करा. तक्रार केली म्हणून मदत बंद होणार नाही. या तिसऱ्या वाक्याशिवाय पोस्टर अर्धवट आहे. लोक गप्प बसतात ते बहुतेक वेळा याच भीतीनं.

मिस्ड कॉल चालतो हे सांगा. पुरात फोन गेलेला असतो किंवा रिचार्ज संपलेला असतो. अनेक घरांत फोन एकच असतो आणि तो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असतो. अशा बाईसाठी फोन पुरेसा नाही. बचतगटाच्या बैठकीत किंवा पाण्याच्या टँकरपाशी एखादी कार्यकर्ती बसवावी लागते. तक्रारपेटी ठेवत असाल तर तिला दोन कुलपं, दोन किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडं, आणि उघडताना दोघंही हजर. ग्रामपंचायतीच्या दारात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवलेल्या पेटीत कुणी चिठ्ठी टाकत नाही.

तपासणी: वाटपाच्या दिवशी रांगेतल्या पाच जणांना, त्यात निदान तीन बायकांना विचारा, "काही चुकीचं झालं तर कुणाला सांगाल?" नंबर किंवा जागा सांगता आली नाही तर अजून पोचलेलं नाही.

३. कॉलचं पहिलं मिनिट

क्रम असा: नमस्कार, संस्थेचं नाव, आपलं नाव, मग "आत्ता मोकळेपणानं बोलता येईल का?" त्यानंतर बोलू द्या. नाव, गाव, यादी क्रमांक हे सगळं नंतर. पहिलाच प्रश्न "आधार नंबर सांगा" असा आला की समोरचा माणूस तक्रारदार राहत नाही, आरोपीसारखं उत्तर द्यायला लागतो.

कॉल रेकॉर्ड होत असेल तर तसं सांगा आणि नको म्हटलं तर बंद करा. नाव न सांगता तक्रार करता येते हेही सांगा. फक्त उत्तर कसं कळवायचं ते विचारून ठेवा.

हाक कशी मारायची? आवाजावरून वय ओळखून थेट 'आजी' म्हणू नका, पन्नाशीच्या बाईला ते लागतं. 'ताई' आणि 'दादा' सगळीकडं चालतात. त्यांनी तुम्हाला 'बाळा' म्हटलं तर मग 'मावशी', 'काका' आपसूक येतं. पोरगा सोळा वर्षांचा वाटला तरी अहो-जाहोच करा. आणि बोली सुधारायला जाऊ नका. "किट गावलं न्हाई" म्हणणाऱ्याला "म्हणजे मिळालं नाही का?" असं विचारणाऱ्या शहरी ऑपरेटरशी लोक दोन वाक्यांत फोन संपवतात.

मिस्ड कॉलला परत फोन लावताना वेगळी काळजी. तिकडून भलत्यानंच उचलला तर संस्थेचं नाव आणि विषय सांगायचा नाही. "या नंबरवरून मिस्ड कॉल होता, नंतर करते," एवढंच. एखाद्या बाईनं नवऱ्याच्या फोनवरून गुपचूप मिस्ड कॉल दिलेला असू शकतो. आमच्याकडं एकदा हे पाळलं गेलं नाही. "तुमच्या घरून तक्रार आली होती" असं ऑपरेटर बोलून गेला. त्या बाईचा फोन पुन्हा आला नाही.

सावध राहा: बँक खातं, ओटीपी, आधारचा पूर्ण नंबर फोनवर कधीच घेऊ नका आणि प्रत्येक कॉलमध्ये सांगा, "आमच्याकडून कुणीही ओटीपी मागत नाही." पुरानंतर अनुदानाच्या नावाखाली फसवणारेही याच लोकांना फोन करत असतात.

४. ऐकणं आणि विचारणं

पहिली दोन-तीन मिनिटं मध्ये बोलू नका. माणूस पुराची रात्र सांगेल, गुरं कशी सोडली ते सांगेल, मग तक्रारीवर येईल. ते वाया गेलेले शब्द नाहीत. त्यातच पुष्कळदा कळतं की ज्या घरी आपण किट दिलं ते घर उभंच नाही आणि हे लोक भावकीत राहतायत.

मग प्रश्न विचारा: काय झालं, कुठं, केव्हा, कुणाबरोबर, आणखी कुणाच्या बाबतीत झालं का, आणि तुम्हाला काय व्हावंसं वाटतं? हा शेवटचा प्रश्न बहुतेक ऑपरेटर विसरतात. आजींना किट नकोच असेल, त्यांना फक्त तो माणूस टेबलावरून उठायला हवा असेल.

आपण उत्तर सुचवायचं नाही. "सरपंचाच्या माणसानं घेतलं का?" असं विचारलं की समोरचा 'हो' म्हणतो आणि ती तक्रार तुमची होते. "कुणी घेतलं?" असं विचारा. त्यांना माहीत नसेल तर "माहीत नाही" असंच लिहा.

तारखेला फार जपा. मराठीत 'परवा' मागचाही असतो आणि पुढचाही. "परवा वाटप झालं" आणि "परवा वाटप आहे म्हणाले" हे क्रियापदावरून कळतं, पण घाईत लिहिलेल्या फॉर्मवर नुसतं "परवा" उरतं. लोक तारीख सांगत नाहीत, सण आणि बाजार सांगतात: "पंचमीच्या दुसऱ्या दिवशी", "गेल्या बाजाराला". २०१९ ची नागपंचमी ५ ऑगस्टला होती, म्हणजे त्या वर्षी "पंचमीच्या दुसऱ्या दिवशी" म्हणजे ६ ऑगस्ट. टेबलावर दिनदर्शिका ठेवा, सणांसकट आणि गावोगावच्या आठवडी बाजारांच्या वारांसकट. बोलता बोलता तारीख काढा आणि त्यांच्याकडून खात्री करून घ्या.

गावाचंही तसंच. 'वाडी' म्हटलं की शिरोळकडचा माणूस नृसिंहवाडी म्हणतो, दुसरा आपल्या गावाजवळची वस्ती म्हणतो. शिरोळ वेगळं, हातकणंगले तालुक्यातली पुलाची शिरोली वेगळी. गाडी भलत्या गावी गेलेली मी पाहिली आहे. तालुका विचारल्याशिवाय गाव लिहू नका.

आणि मापं. "पाणी पुरत नाही" हे वाक्य पाण्याच्या टीमच्या काही कामाचं नाही. घरात माणसं किती, दिवसाला किती घागरी मिळतात, घागर साधारण किती लिटरची, टँकर किती वाजता येतो, हे विचारा. आपत्तीतल्या मदतीच्या स्फिअर मानकांत माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी धरलं आहे. तुमच्या नोंदीत घागरी आणि माणसं असतील, तर ते त्या मानकापेक्षा किती कमी पडतं हे टीमला लगेच दिसतं.

रागावलेल्या माणसाला "शांत व्हा" म्हणू नका. "दोन वेळा रांगेत उभं राहून रिकाम्या हातानं परत आलात, बरोबर?" असं त्याचंच बोलणं त्याला परत सांगा. ऐकलं गेलं हे कळलं की बहुतेकांचा आवाज खाली येतो. शिव्या थांबल्याच नाहीत तर "मी दहा मिनिटांनी परत फोन करते" म्हणा आणि खरंच करा.

सावध राहा: "तुमचं काम होऊन जाईल" हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. सांगायचं ते एवढंच: ही नोंद कुणाकडं जाईल, किती दिवसांत मी तुम्हाला फोन करीन, आणि तुमचा टोकन नंबर हा. फोन ठेवण्याआधी सगळी नोंद त्यांना वाचून दाखवा.

५. नोंद लिहिणं

फॉर्मवर दोन वेगळे रकाने हवेत. पहिल्यात फोन करणाऱ्याचे शब्द, शक्यतो त्यांच्याच बोलीत, एक-दोन वाक्यं. दुसऱ्यात तुमचा सारांश. प्रकाराचा रकाना या दोन्हीनंतर भरायचा. तो आधी भरला की हात आपोआप त्या प्रकाराला साजेसं लिहितो. सुरुवातीच्या आजींच्या बाबतीत नेमकं हेच झालं.

चुकीची नोंद: "लाभार्थ्यास किट मिळाले नाही."

बरोबर नोंद: "'माजं किट दुसऱ्यानंच उचललं.' यादीत नाव आहे, नावापुढे अंगठा आहे, तो आपला नाही असं सांगतात. वाटप शाळेत, तारीख खात्री केली. कोणी उचललं माहीत नाही. शेजारच्या आणखी दोघींच्या बाबतीत असंच झालं असं ऐकलं आहे. मागणी: किट मिळावं आणि अंगठा कुणी लावला ते बघावं."

एका कॉलमध्ये दोन विषय असले तर नोंदी दोन. पाण्याचा विषय पाण्याच्या टीमकडं, किटचा वाटपाच्या टीमकडं. एकाच ओळीत दोन्ही लिहिलं की एकाचं उत्तर येतं, टोकन बंद होतं आणि दुसरा विषय हरवतो.

जे ऐकलं नाही ते लिहायचं नाही. "बाई खोटं बोलत असावी", "दारू प्यायलेला वाटला" असल्या शेऱ्यांना नोंदीत जागा नाही. जात विचारायची नाही. भेदभावाची तक्रार करताना त्यांनी स्वतः वस्तीचं किंवा समाजाचं नाव घेतलं, तर मात्र ते लिहायचं, गाळायचं नाही. "आमच्या वस्तीला शेवटी दिलं आणि तेही उरलंसुरलं" ही गंभीर तक्रार आहे. तिला "वाटपाच्या वेळेबाबत नाराजी" असं गुळगुळीत करू नका.

६. प्रकार ठरवणं आणि वेळ

संस्थेनुसार नावं बदलतात, पण बहुतेकांकडं ढोबळ गट असे असतात: माहितीचा प्रश्न, मदतीची मागणी, सूचना, आभार, साधी नाराजी, गंभीर तक्रार (पैसे मागणं, चोरी, यादीत फेरफार, भेदभाव), संवेदनशील तक्रार (लैंगिक शोषण, छळ, मुलांशी गैरवर्तन) आणि अफवा.

माहितीचा प्रश्न तिथल्या तिथं सुटला पाहिजे, पहिल्या कागदावरून. मागणी आणि नाराजी त्या-त्या टीमकडं, संस्थेनं ठरवलेल्या मुदतीत. गंभीर तक्रार कधीही ज्या टीमबद्दल आहे त्या टीमकडं द्यायची नाही, ती वरच्या जबाबदार माणसाकडं जाते. संवेदनशील तक्रार त्याच दिवशी, थेट चौथ्या कागदावरच्या व्यक्तीकडं. दोन गटांत शंका आली तर जास्त गंभीर गट धरा.

अफवांनाही नोंद हवी. "धरणाचं पाणी आज रात्री सोडणार" असे फोन एका दुपारी चार-पाच आले तर ते लगेच समन्वयकाला सांगा, जिल्हा नियंत्रण कक्षाकडून खात्री करून घ्या आणि खरी माहिती त्याच लोकांना परत कळवा. खात्री होईपर्यंत "अफवा आहे, लक्ष देऊ नका" असंही म्हणायचं नाही. नदीकाठच्या माणसाला तसं सांगणं धोक्याचं आहे.

७. संवेदनशील कॉल

इथं क्रम चुकला तर माणसाच्या जिवावर बेतू शकतं, म्हणून जरा सविस्तर.

असा फोन बहुतेकदा आडून येतो. "तो भाऊ नाव घालतो म्हणाला, पण गोडाऊनवर एकटी ये म्हणतोय." किंवा "एक विचारायचं होतं... राहू दे." अशा वेळी गप्प राहा. "मी ऐकतेय, तुमच्या सवडीनं सांगा." दहा सेकंद शांतता गेली तरी चालेल.

पहिला प्रश्न सुरक्षिततेचा: "आत्ता तुम्ही सुरक्षित आहात का? जवळ कुणी आहे का?" धोका चालू असेल तर ११२.

त्यानंतर घटनेचा तपशील खणून काढायचा नाही. काय, कुठं, कधी घडलं हे त्या जेवढं आपण होऊन सांगतील तेवढंच. "तू तिथं गेलीसच कशाला", "आधी का नाही सांगितलं", "पुरावा आहे का" हे प्रश्न विचारायचे नाहीत. तपास करणारे वेगळे आहेत. तुम्ही चार प्रश्न जास्त विचारले की तेच सगळं त्या बाईला पुन्हा चार जणांना सांगावं लागतं.

"कुणालाही सांगणार नाही" असं वचन देऊ नका. खरं सांगा: "हे मी फक्त एका जबाबदार व्यक्तीला सांगेन. आमच्या गावातल्या टीमला, तुमच्या घरी, कुणालाही नाही." प्रौढ व्यक्तीच्या बाबतीत पोलिसांत जायचं की नाही, दवाखान्यात जायचं की नाही, हा निर्णय तिचा. आपण वाटा सांगायच्या. बलात्काराच्या घटनेत मात्र वेळेचं महत्त्व सांगायलाच हवं. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, गर्भ राहू नये यासाठीचं औषध जितकं लवकर तितकं चांगलं. कायद्यानं सरकारी आणि खासगी, दोन्ही दवाखान्यांनी पीडितेवर मोफत उपचार करायचे आहेत आणि त्यासाठी आधी एफआयआर असावी लागत नाही. १८१ चा नंबर द्या.

१८ वर्षांखालचं मूल असेल तर नियम वेगळा. पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे मुलावरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती असलेल्या कुणालाही ती स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवावीच लागते. न कळवणं हा गुन्हा आहे. म्हणून मुलांच्या बाबतीत आधीच सांगा की हे मला पुढं कळवावं लागेल. बालसंरक्षण पाहणाऱ्या सहकाऱ्याला तत्काळ फोन करा. ते उचलत नाहीत म्हणून उद्यावर टाकू नका, दुसऱ्या नावाला लावा, १०९८ आहेच.

तक्रार मदत संस्थेच्या माणसाबद्दल असेल, मग तो पगारी असो, स्वयंसेवक असो की गाडीचा ठेकेदार, तर हेही पक्कं लक्षात ठेवा: मदतीच्या, पैशाच्या किंवा नोकरीच्या बदल्यात शरीरसंबंध मागणं मदत क्षेत्राच्या नियमांनी पूर्णपणे बंद आहे. १८ वर्षांखालच्या व्यक्तीशी शरीरसंबंध तर संमती असली तरी चालत नाही, आणि "वय माहीत नव्हतं" ही सबब धरली जात नाही. "दोघांच्या मर्जीचं होतं" असं कुणी सांगितलं तरी नोंद थांबवायची नाही. ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याला, त्याच्या टीमप्रमुखाला किंवा त्याच्या मित्राला विचारून खात्री करायला जाऊ नका. मी एका चांगल्या मनाच्या मुलाला हे करताना पाहिलं आहे. संध्याकाळपर्यंत अख्ख्या टीमला कळलं होतं आणि बाईनं तक्रार मागं घेतली.

लिहायचं कुठं? सामायिक एक्सेलमध्ये अजिबात नाही. तिथं फक्त टोकन नंबर आणि "संवेदनशील, पाठवले". नाव, नंबर, गाव हे बंद फॉर्मवर किंवा पासवर्ड असलेल्या वेगळ्या फाइलमध्ये. व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक अक्षरही नाही, "एक अर्जंट केस आहे" इतकंसुद्धा नाही.

तपासणी: फोन ठेवण्याआधी विचारलंत का, की परत फोन कधी करू, कोणत्या नंबरवर, आणि दुसऱ्या कुणी उचलला तर काय म्हणू?

८. उत्तर परत नेणं

टोकन बंद करायची खूण एकच: फोन करणाऱ्याला उत्तर मिळालं. टीमला मेल गेला, टीमनं "बघतो" म्हटलं, किट गाडीत चढलं, यातल्या कशानंही टोकन बंद होत नाही.

रोज सकाळी पहिला अर्धा तास नवे कॉल घेण्याआधी जुन्या टोकनांना द्या. मुदत संपत आलेल्यांची यादी काढून त्या-त्या टीमला फोन करा. उत्तर तयार नसेल तरी ठरलेल्या दिवशी त्या माणसाला फोन जायलाच हवा: "अजून उत्तर आलेलं नाही, शुक्रवारी परत करते." फोन लागला नाही तर वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी तीनदा तरी प्रयत्न करा. शेतातली माणसं दुपारी फोन उचलत नाहीत, संध्याकाळी सातनंतर भेटतात.

'नाही' सांगायची वेळ सर्वांत अवघड. तिथं ऑपरेटर फोनच टाळतात. सांगायचं ते सरळ आणि कारणासकट: "ताई, या वेळी ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांनाच किट दिलं. तुमचं शेत गेलं, पण घरात पाणी आलं नव्हतं, म्हणून नाव बसलं नाही. निर्णय फेरतपासायचा असेल तर मी अर्ज नोंदवते. शेताच्या पंचनाम्यासाठी तलाठ्यांकडं जावं लागेल." लोक नकार पचवतात. महिनाभर वाट बघायला लावून काहीच न कळवणं ते विसरत नाहीत.

उत्तर दिल्यावर विचारा, "हे उत्तर तुम्हाला पटलं का?" नाही म्हणाले तर टोकन उघडं ठेवून वर पाठवा.

९. आठवड्याचा हिशेब आणि पाळी सोपवणं

आठवड्याच्या अहवालात नावं नसतात. किती कॉल, कोणत्या गावातून, बायका-पुरुष किती, कोणत्या विषयावर, किती टोकनं मुदतीबाहेर. पण आकड्यांसोबत लोकांची चार-पाच वाक्यं, ओळख पटणार नाही अशी, जरूर घाला. "डाळ शिजायला सरपणच नाही" हे एक वाक्य समन्वयकाला तक्त्यापेक्षा जास्त सांगून जातं.

ज्या गावातून एकही फोन नाही तिथं सगळं ठीक आहे असं लिहू नका. त्या गावाचं नाव वेगळं काढा आणि टीमला प्रत्यक्ष जायला सांगा. नेटवर्क नसेल, नंबर पोचला नसेल किंवा कुणीतरी दम दिला असेल.

पाळी बदलताना उघडी टोकनं तोंडी नव्हे, लिहून द्या: कुणाला आज फोन करायचाय, किती वाजता, काय सांगायचंय. बंद फॉर्म कपाटात, किल्ली नेमलेल्या माणसाकडं. एखादा जड कॉल घेतला असेल तर पुढचा कॉल लगेच घेऊ नका, पंधरा मिनिटं बाहेर जा, आणि आपल्या प्रमुखाशी बोला, मात्र केसचा तपशील न सांगता. १४४१६ हा नंबर आपल्यासाठीही आहे.

१०. नंबर बंद करताना

प्रकल्प संपला की फोन एका दिवसात बंद होतो, ही चूक फार संस्था करतात. बंद होण्याची तारीख निदान दोन आठवडे आधी गावांत सांगा आणि कॉल करणाऱ्या प्रत्येकाला सांगा. उघडी टोकनं मोजा. प्रत्येकाला अखेरचं उत्तर द्या, नाहीतर ते कोण पुढं पाहणार हे नावासह ठरवा. चालू असलेल्या संवेदनशील तक्रारी नंबर बंद झाल्यावरही कुणाकडं आहेत, हे त्या व्यक्तीला माहीत हवं. सिम लगेच परत करू नका. काही महिने त्यावर ध्वनिमुद्रित संदेश ठेवा: फोन बंद झाला आहे, गंभीर तक्रार असेल तर या नंबरवर करा. कागदी फॉर्म संस्थेच्या नियमाप्रमाणे ठेवा किंवा नष्ट करा. आणि ऑपरेटरांच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये सेव्ह झालेले लोकांचे नंबर त्याच दिवशी, एकमेकांसमोर बसून, पुसून टाका.